‘वीसच तर जास्त होते’: ब्रेक दाबल्यावर गाडी किती पुढे जाते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. २०२४ पासून तिथे कॅमेऱ्यांची नवी यंत्रणा बसली आहे, त्यामुळे १२० ने गेलेल्याच्या मोबाइलवर ई-चलान येऊन पडतं. मग ऑफिसात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच वाक्य ऐकू येतं: ‘वीसच तर जास्त होते! आणि समृद्धीवर १२० चालतात ना?’

दोन्ही मुद्द्यांना उत्तर द्यायला हवं. दंड योग्य की अयोग्य हा वाद तूर्त राहू द्या. प्रश्न एवढाच घेऊ की काटा १०० ऐवजी १२० वर असेल, तर ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंत किती जास्त रस्ता लागतो? पटकन सुचणारं उत्तर ‘वीस टक्के जास्त’ असं असतं, आणि ते चूक आहे. ते का चूक आहे, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. गतीची तीन समीकरणं आठवतात? पाठ केली, परीक्षेत उतरवली, पाच गुण घेतले आणि विसरलो. त्या समीकरणांत खरं तर एकच कल्पना आहे. ती समजली की पाठांतराची गरजही फारशी उरत नाही.

आधी काटा सेकंदावर आणू

गाडीचा काटा ताशी किलोमीटर सांगतो. पण अपघात तासाच्या हिशेबात होत नाहीत, दोन-चार सेकंदांत होतात. म्हणून वेग सेकंदाला किती मीटर असा मांडू. काट्यावरच्या आकड्याला ३.६ ने भागलं की झालं. ताशी १०० म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर, सोयीसाठी २८ धरू. ताशी १२० म्हणजे सेकंदाला ३३.३ मीटर. म्हणजे १०० च्या वेगात मेसेज कोणाचा आलाय हे बघायला दोन सेकंद खाली मान घातली, तर तेवढ्यात ५६ मीटर रस्ता न बघता मागे गेला.

पुस्तकात चाल आणि वेग वेगवेगळे असतात. वेगाला दिशाही असते, चालीला नसते. सरळ रस्त्यावर एकाच दिशेने जाणाऱ्या गाडीसाठी हा फरक आड येत नाही, म्हणून इथे सगळीकडे ‘वेग’च म्हणतो. पुढे एका ठिकाणी मात्र तो फरक आडवा येणार आहे.

त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर

दर सेकंदाला वेग किती बदलतो, त्याला त्वरण म्हणतात. वेग कमी होत असेल तर त्याच राशीला मंदन म्हणतात. वेगळं काही नाही, फक्त चिन्ह उणे. पुस्तकात त्याचं एकक ‘मीटर प्रति सेकंद वर्ग’ असं लिहिलेलं असतं आणि तिथेच बरेच जण गळपटतात. सेकंदाचा वर्ग म्हणजे नेमकं काय? तर काही नाही. वेग सेकंदाला इतके मीटर असतो, आणि तो दर सेकंदाला बदलतोय, म्हणून ‘दर सेकंदाला’ हे शब्द दोनदा येतात. दोनदा लिहिण्याऐवजी वर्ग लिहिला, इतकंच.

कोरड्या डांबरी रस्त्यावर, बऱ्या टायरच्या मोटारीने जोरात ब्रेक दाबला तर साधारण ७ एवढं मंदन मिळतं. म्हणजे दर सेकंदाला वेगातून सेकंदाला ७ मीटर उणे होतात. काट्याच्या भाषेत हा आकडा फार सोपा आहे: ७ गुणिले ३.६ म्हणजे जवळपास २५. ब्रेक दाबून धरला की दर सेकंदाला काटा २५ ने खाली येतो. १०० वरून ७५, मग ५०, मग २५, मग शून्य. चार सेकंदांत गाडी थांबली.

आता चार सेकंदांत ती किती पुढे गेली?

कुठला वेग धरायचा?

वेग एकसारखा असता तर वेग गुणिले वेळ, विषय संपला. इथे वेग क्षणाक्षणाला बदलतोय. २८ गुणिले ४ केलं तर ११२ मीटर येतात, पण ते जास्त आहेत, कारण २८ चा वेग फक्त पहिल्या क्षणी होता. शेवटचा वेग घेतला तर शून्य गुणिले चार, म्हणजे शून्य. तेही हास्यास्पद. खरं उत्तर या दोघांच्या मधे कुठेतरी आहे. नेमकं कुठे?

समजा, तुम्ही महिनाभर गल्ल्यात पैसे टाकायचं ठरवलं. पहिल्या दिवशी १ रुपया, दुसऱ्या दिवशी २, असं वाढवत तिसाव्या दिवशी ३० रुपये. महिन्याअखेर किती जमले? ३० गुणिले ३०, म्हणजे ९०० नक्कीच नाहीत. बेरीज केली तर ४६५ रुपये येतात, ९०० च्या निम्म्याहून जरासे जास्त. ते ‘जरासे’ का? कारण रक्कम दिवसातून एकदाच उडी मारून वाढते. आता तोच नियम तासाला लावा: दर तासाला रक्कम थोडी वाढवायची आणि त्या तासाचा वाटा तेव्हाच गल्ल्यात टाकायचा. तीस दिवसांचे ७२० तास. बेरीज येते ४५० रुपये ६३ पैसे. मिनिटाला केलं तर ४५० च्या अजून जवळ. उड्या जितक्या बारीक, तितकी बेरीज बरोबर निम्म्याकडे सरकते.

गाडीचा वेग उड्या मारत नाही, सलग बदलतो. म्हणून तिथे बरोबर निम्मं येतं. २८ पासून शून्यापर्यंत एकसारखा उतरणारा वेग म्हणजे चारही सेकंद १४ चाच वेग असल्यासारखं. १४ गुणिले ४, ५६ मीटर.

‘अंतर = वेग × वेळ + १/२ × त्वरण × वेळ × वेळ’ या समीकरणातला तो ‘एक छेद दोन’ इथून येतो. तो कुणी वरून चिकटवलेला नाही. वेग एकसारख्या दराने बदलत असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घ्या आणि वेळेने गुणा, अंतर मिळालं. तिन्ही समीकरणांच्या मुळाशी हे एवढंच आहे.

ही सरासरी फक्त वेग एकसारख्या दराने बदलतो तेव्हाच चालते, हे मात्र विसरून चालत नाही. घाटात रखडत, टोलनाक्यावर थांबत गेलेल्या प्रवासाची सरासरी सुरुवातीचा आणि शेवटचा काटा बघून काढता येत नाही. द्रुतगती मार्गावरच्या नव्या यंत्रणेत दोन ठिकाणांमधलं अंतर भागिले लागलेला वेळ अशी सरासरी काढण्याचीही सोय आहे. कॅमेरा दिसल्यावर तेवढ्यापुरता ब्रेक मारणाऱ्यांचा हिशेब तिथे बिघडतो.

गॅलिलिओही आधी घसरला होता

सरासरीची ही युक्ती जुनी आहे. चौदाव्या शतकात ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजातल्या विद्वानांनी ती निव्वळ तर्काने शोधली. सेकंद मोजणारं घड्याळ तेव्हा कुणाकडे नव्हतं. त्याच शतकात फ्रान्समध्ये निकोल ओरेम याने ती आकृतीत मांडली. वेळ आडवी, वेग उभा. वेग एकसारखा असेल तर आयत तयार होतो, शून्यापासून एकसारखा वाढत असेल तर त्रिकोण. त्रिकोणाचं क्षेत्रफळ त्या आयताच्या निम्मं. आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे अंतर, हे आजही नववीत शिकवतात ते तेच.

पण खरोखर पडणाऱ्या वस्तू असंच वागतात का, हे तपासलं गॅलिलिओने. वरून सोडलेला गोळा फार झपकन खाली येतो, मोजणार कसा? म्हणून त्याने उतरत्या फळीला खाच पाडून तीतून पितळी गोळा घरंगळत सोडला आणि वेळ मोजायला बारीक धारेने पाणी गोळा करून ते तोललं. अंतर वेळेच्या वर्गाप्रमाणे वाढतं, असं त्याला आढळलं. पहिल्या सेकंदात जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट दुसऱ्या सेकंदात, पाचपट तिसऱ्या सेकंदात, सातपट चौथ्या सेकंदात. विषम संख्यांची ही रांग त्याने १६३८ साली लायडनमध्ये छापलेल्या पुस्तकात दिली. तोवर तो नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेली होती.

मला त्यातला सगळ्यात आवडणारा भाग वेगळाच आहे. १६०४ साली पाओलो सार्पी या मित्राला लिहिलेल्या पत्रात याच गॅलिलिओने पडणाऱ्या वस्तूचा वेग तिने कापलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं होतं. ऐकायला किती पटण्यासारखं! पण विचार करा: सुरुवातीला अंतर शून्य, म्हणून वेग शून्य, वेग शून्य म्हणून अंतर शून्यच. वस्तू हातातून सुटूनही जागची हलणारच नाही. वेग वाढतो तो वेळेच्या प्रमाणात, अंतराच्या नाही. हे लक्षात यायला गॅलिलिओलाही वेळ लागला, तेव्हा नववीतल्या मुलाला दोन तास लागले तर त्याला ओरडू नये.

ब्रेकच्या चार सेकंदांत काय होतं

आता ती विषम संख्यांची रांग उलटी करून आपल्या गाडीला लावू. १०० च्या वेगात ब्रेक दाबला. पहिल्या सेकंदात काटा १०० वरून ७५ वर आला आणि गाडी २४.५ मीटर गेली. दुसऱ्या सेकंदात ७५ वरून ५०, अंतर १७.५ मीटर. तिसऱ्यात ५० वरून २५, अंतर १०.५. चौथ्यात २५ वरून शून्य, अंतर फक्त ३.५ मीटर. सात, पाच, तीन, एक अशा पटीत. बेरीज ५६.

इथे जरा थांबून बघा. दोन सेकंद झाले तेव्हा वेग निम्मा उतरला होता. पण तोवर ५६ पैकी ४२ मीटर संपले होते. निम्मा वेग घालवायला पाऊण रस्ता लागला! उरलेला निम्मा वेग उरलेल्या १४ मीटरमध्ये गेला.

ब्रेक तर चारही सेकंद सारखाच जोर लावत होता. मग असं का? कारण ब्रेक वेग कमी करतो तो सेकंदाच्या हिशेबाने, मीटरच्या नाही. वेग जास्त असताना प्रत्येक मीटर चटकन मागे पडतो, त्या मीटरभरात ब्रेकला काम करायला वेळच मिळत नाही. वेग उतरत आला की एकेक मीटर कापायला वेळ लागतो, ब्रेकला हवा तेवढा वेळ मिळतो.

‘वीसच तर जास्त’ हा हिशेब इथे फसतो. काट्यावरचे वरचे वीस आणि खालचे वीस सारखे दिसतात. खालचे वीस, म्हणजे २० वरून शून्यावर येणं, सव्वादोन मीटरमध्ये होतं. वरचे वीस, १२० वरून १०० वर येणं, यालाच २४ मीटरच्या आसपास रस्ता लागतो.

थांबायला लागणारं अंतर थेट काढायचं असेल तर वेळ मधे आणायची गरज नाही. वेग भागिले मंदन म्हणजे थांबायला लागणारा वेळ. वेगाचा निम्मा म्हणजे सरासरी. दोन्हींचा गुणाकार करा:

अंतर = वेग × वेग ÷ (२ × मंदन)

वेग दोनदा आला. वेग वाढला की सरासरीही वाढते आणि थांबायला लागणारा वेळही वाढतो, दोन्हींचा मार एकदम बसतो. वेग दुप्पट झाला तर अंतर चौपट. १२० च्या वेगाला ३३.३ चा वर्ग भागिले १४, म्हणजे ७९ मीटर. वेग वीस टक्के वाढला, रस्ता चाळीस टक्क्यांहून जास्त वाढला.

पाय ब्रेकवर जाईपर्यंत

आतापर्यंत आपण ब्रेक लगेच लागला असं धरलं. प्रत्यक्षात डोळ्याला धोका दिसायचा, मेंदूला तो कळायचा, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलून ब्रेकवर जायचा. त्याला दीड सेकंद धरू. सावध माणसाला कमी लागतो, थकलेल्याला जास्त. या दीड सेकंदात गाडी पूर्ण वेगात चाललेली असते. १०० च्या वेगात ४२ मीटर, १२० च्या वेगात ५०.

एकूण हिशेब: १०० ला ४२ आणि ५६, मिळून ९८ मीटर. १२० ला ५० आणि ७९, मिळून १२९ मीटर.

आता असं समजा की एक १०० ची गाडी आणि एक १२० ची गाडी दोन लेनमध्ये अगदी शेजारी आहेत. ९८ मीटरवर दोन्ही लेन अडवून एक ट्रक आडवा पडला आहे. दोन्ही चालकांना तो एकाच क्षणी दिसतो, दोघेही सारखेच चपळ, दोन्ही गाड्या सारख्याच. १०० ची गाडी ट्रकला टेकता टेकता थांबते. त्या क्षणी नव्हे, पण त्या जागी १२० च्या गाडीचा वेग किती असेल?

वीस? गणित असं आहे. वरच्याच सूत्रातून निघतं की ब्रेकचा प्रत्येक मीटर वेगाच्या वर्गातून मंदनाची दुप्पट वजा करतो. दीड सेकंदात तिचे ५० मीटर गेले, उरले ४८. सुरुवातीच्या वेगाचा वर्ग ११११. त्यातून मंदनाची दुप्पट गुणिले उरलेलं अंतर, म्हणजे १४ गुणिले ४८, ६७२ वजा करा. उरले ४३९. वर्गमूळ २१. सेकंदाला २१ मीटर, म्हणजे ताशी ७५ किलोमीटर.

१०० ची गाडी जिथे शून्यावर येते, तिथे १२० ची गाडी ताशी ७५ ने आदळते. कॅल्क्युलेटर काढून स्वतः करून बघा, कारण पहिल्यांदा कुणालाच हे खरं वाटत नाही. ४२ आणि ५० मीटरचा तो फरक काढून टाकला, दोघांनी एकाच ठिकाणी ब्रेक दाबला असं धरलं, तरी उत्तर ६५ च्या खाली येत नाही.

‘पण माझी गाडी नवीन आहे’

एप्रिल २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना एबीएस सक्तीचं आहे. ब्रेक जोरात दाबल्यावर चाकं पूर्ण अडकून घसरू नयेत, एवढं ते बघतं. त्याचा मोठा फायदा हा की ब्रेक दाबलेला असतानाही स्टीअरिंग काम करतं. पण रस्त्याची पकड जेवढी आहे त्याहून जास्त मंदन ते आणू शकत नाही. उत्तम टायर, उत्तम रस्ता, म्हणून मंदन ७ ऐवजी ९ धरा. १२० ला तेव्हाही ६२ मीटर लागतात. साध्या गाडीला १०० च्या वेगात ५६ लागत होते. महागड्या ब्रेकची सगळी कमाई वरच्या वीस किलोमीटरनी खाल्ली, वर थोडी उधारीच झाली.

‘माझी गाडी जड आहे, रस्त्याला धरून चालते’ हेही ऐकू येतं. जड गाडीचे टायर रस्त्यावर जास्त दाबले जातात, पकड वाढते, हे खरं. पण थांबवायचं वजनही तेवढ्याच पटीत वाढलेलं असतं. एकातून दुसरं वजा जातं आणि मंदन तेवढंच राहतं. म्हणून सूत्रात वजन कुठेच दिसत नाही. मालाने भरलेल्या ट्रकचं तसं नसतं. तिथे पकड संपायच्या आधी ब्रेकच कमी पडू लागतात.

रेल्वेचं मंदन आणखी कमी. लोखंडावर लोखंड, पकड थोडी. त्यामुळे भरधाव एक्स्प्रेसला आपत्कालीन ब्रेक लावूनही थांबायला किलोमीटरभर जावं लागतं. इंजिनचालकाला रुळावरचा माणूस दिसला म्हणजे त्याला गाडी थांबवता आली असती, असं नाही.

पाऊस आणि घाट

ओल्या रस्त्यावर पकड घसरते. मंदन ७ वरून साडेतीनवर आलं असं धरू. मंदन निम्मं, अंतर दुप्पट: १०० च्या वेगाला ब्रेकचंच अंतर ११२ मीटर. उलट विचारा: पावसात ५६ मीटरमध्येच थांबायचं असेल तर वेग किती हवा? अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून वेग निम्मा करावा लागत नाही, ७० चालतो. वर्गाने एरवी जे काढून घेतलं, त्यातलं थोडं तो इथे परत देतो.

घाटाबद्दल लोकांच्या मनात थोडा उलटा समज असतो. उतार गाडीला पुढे ओढतो आणि तेवढं मंदन कमी होतं, हे खरं. पण वीस मीटरला एक मीटर उतार असेल तर ही घट जेमतेम अर्ध्याची असते. मोटारीचं मंदन ७ वरून साडेसहा. ५६ ऐवजी ६० मीटर. एवढ्याने आकाश कोसळत नाही. ट्रकचं मात्र वेगळं. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ते तापले आणि मंदन २ वर आलं, तर त्यातून अर्धा गेला म्हणजे चौथा हिस्सा गेला. ताशी ६० ने उतरणाऱ्या अशा ट्रकला सपाटीवर सत्तर मीटर पुरले असते, उतारावर ९० च्या वर लागतात. आणि ब्रेक आणखी तापले की मंदन आणि उताराची ओढ बरोबरीला येतात, तेव्हा सूत्रात शून्याने भागायची वेळ येते. बोरघाटात न्यूट्रलवर गाडी सोडू नका, खालच्या गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. इंजिन थोडं मंदन देतं, ब्रेक गार राहतात.

हे सूत्र कुठे चालत नाही

त्वरण एकसारखं असेल तरच, ही अट आहे. आकाशातून पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला हे सूत्र लावून बघा. एक किलोमीटर उंचीवरून पडला, गुरुत्वाचं त्वरण ९.८. जमिनीशी वेग येतो सेकंदाला १४० मीटर, ताशी ५०० किलोमीटर! असा पाऊस पडला असता तर छत्र्या कसल्या, कौलं टिकली नसती. प्रत्यक्षात मोठा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपास येतो. हवेचा विरोध वेगाबरोबर वाढत जातो, थोड्याच वेळात तो वजनाला तोलून धरतो आणि त्वरण शून्य होतं. तिथून पुढे साधं वेग गुणिले वेळ.

ब्रेकचं मंदनही तंतोतंत एकसारखं नसतं. पण सात म्हणजे सरासरी सात असं धरलं तर उत्तर कामापुरतं बरोबर येतं.

परीक्षेतला सापळा दुसरा आहे, आणि तिथे तो चाल-वेगाचा फरक आडवा येतो. ‘सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला ५ मंदन मिळालं, ६ सेकंदांत ती किती गेली?’ सूत्रात घाला: २० गुणिले ६, वजा निम्मे गुणिले ५ गुणिले ३६. उत्तर ३० मीटर. साफ चूक. गाडी चौथ्या सेकंदालाच ४० मीटरवर थांबली. सूत्राला ब्रेक म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याच्या मते मंदन चालूच आहे, म्हणून पुढचे दोन सेकंद ते गाडीला दहा मीटर मागे चालवतं. आधी थांबण्याची वेळ काढा, मगच सूत्राला हात लावा.

वर फेकलेला चेंडू मात्र खरोखरच परत येतो. गुरुत्व १० धरून सेकंदाला २० मीटरने वर फेका. तीन सेकंदांनी सूत्र १५ मीटर सांगतं, आणि चेंडू खरोखर १५ मीटर उंचीवर असतो. पण त्याने कापलेलं अंतर १५ नाही. तो २० मीटर वर गेला, ५ मीटर खाली आला, म्हणजे २५. सूत्र देतं ते विस्थापन, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासून तो आता कुठे आहे ते. दिशा बदलली की दोन तुकडे करून बेरीज करावी लागते.

मग समृद्धीवर १२० कसे चालतात?

नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ताशी १५० च्या वेगासाठी आखलेला आहे. आखणीचा वेग म्हणजे वळणं, उतार आणि पुढचा रस्ता किती लांबवर दिसेल हे त्या हिशेबाने ठरवलेलं. मर्यादा त्याखाली, १२० ठेवली. म्हणून तिथे थांबायला १२९ मीटरपेक्षा कमी रस्ता पुरतो, असं मात्र नाही. थांबायला लागणारं अंतर दोन्ही रस्त्यांवर तेच. फरक इतकाच की त्या १२९ मीटरमध्ये तुमच्यापुढे काही येण्याची शक्यता कुठे किती आहे. मुंबई-पुणे रस्त्यावरची गर्दी ज्यांनी शनिवारी सकाळी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

फायदा किती, तेही मोजू, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. समृद्धीचे ७०१ किलोमीटर १०० ने सात तास, १२० ने पाच तास पन्नास मिनिटं. सव्वा तासाच्या जवळपास वाचतो, हे थोडकं नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. घाट आणि टोल नाहीतच असं धरलं तरी वाचतात साडेनऊ मिनिटं.

समृद्धीवर माझ्या मते खरा प्रश्न रात्रीचा आहे. कडेला दिवे न लावता उभा असलेला ट्रक हेडलाइटच्या झोतात येईपर्यंत दिसत नाही. लो बीमवर तो ५० मीटरवर दिसला असं धरू. दीड सेकंदाचं अंतर आणि ब्रेकचं अंतर मिळून ५० मीटरमध्ये बसवायचं, तर वेग किती हवा? समीकरण सोडवलं की उत्तर येतं ताशी ६५. हाय बीम लावून तो १०० मीटरवर दिसला, तर १०२. दिसण्याचं अंतर दुप्पट झालं, पण वेग दीडपटीच्या थोडा वर गेला. १२० साठी ट्रक १२९ मीटरवर दिसायला हवा, आणि समोरून गाडी येत असल्यामुळे तुम्ही हाय बीम बंद केलेला असेल तर पुन्हा ६५.